शेवटचा पीळ माझा

रविवार, ता. ९, संध्याकाळ

चि. ठिणगीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस, बस. तोंडात घास असेल तर आधी गिळ, कारण यात रक्त आहे.

आज खाणीच्या उतारावर तुझा दादा आणि तो वेल्डर यांची सायकलींची शर्यत झाली. तुझी आई म्हणत होती की गुडघे धरलेत, घरी बसा. मी म्हटलं शर्यत गुडघ्यांनी बघायची नाही, आणि घडीची खुर्ची काखेत मारून निघाले. चष्मा मात्र तुझ्या आईचा नेला. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे, ते वेगळं सांगेन.

मुळात भांडण आजोबांच्या जुन्या डोंगरी सायकलीवरून. जाताना त्यांनी ती वेल्डरला दिली, कारण दादा तिला भंगार म्हणाला होता. वेल्डरने गंज घासला, तडा होता तिथे पितळ वितळवून सांधा भरला, आणि आता ती अशी चमकते की दादाच्या पोटात दुखतं. त्यात गेल्या आठवड्यात वेल्डर कारखान्याच्या गेटवर चारचौघांत म्हणाला की दादाच्यासारखी नवी सायकल सगळे दगड स्वतःच गिळते आणि वर बसलेल्याला वाटतं आपणच शूर. जुनीवर प्रत्येक दगड मनगटाला विचारून पुढे जातो, म्हणून माणूस बघून चालवतो. दादा म्हणाला की म्हातारीवर बसून बसून याची जीभही म्हातारीची झाली. (म्हातारी म्हणजे सायकल. मीही तिथेच उभी होते, पण असो.) झालं, शर्यत ठरली.

तिसऱ्या वळणापर्यंत दादा पुढे. शॉक खालीवर, चाकांचा आवाज नाही, लोण्यातून सुरी जावी तसा. मागून वेल्डर खडखडत, दात वाजवत. आणि वाळकी फांदी मोडावी तसा कडाड आवाज झाला. दादाच्या हँडलचा अर्धा तुकडा हातात, सायकल भलतीकडे, आणि पोरगं तोंडावर! समोरचे तीन दात गेले, वरचा ओठ नाकापर्यंत उघडला.

वेल्डर सायकल टाकून धावत आला, पण दादा उठला तो ओरडतच की यानेच हँडल कापलं. सकाळी वेल्डर आमच्या दाराशी उभा होता, ते दोघातिघांनी पाहिलं होतं. दादाच्या मित्रांनी त्याला धरलं, हात दगडावर दाबला, आणि दादाने तसाच एक दगड उचलून त्या हातावर घातला. एकदा नाही गं, चारदा. बोटांचा आवाज मला खुर्चीपर्यंत आला. आणि खोटं कशाला सांगू, मीही गेले. हवा भरायचा पंप सापडला, तो त्याच्या नडगीवर असा हाणला की तो गुडघ्यावर बसला. चपला रक्ताने भरल्या माझ्या. इतक्या वर्षांत अंगात असं बळ आलं नव्हतं!

आता पोलिसात तक्रार दिली आहे. पोलिसात नाव गेलं म्हणून कारखान्याने वेल्डरला घरी बसवलंय, शुक्रवारी चौकशी. दोष ठरला तर कायमचा जाईल. जाऊ दे. काल दुपारी दादा झोपला होता तेव्हा मी स्वतः त्याच्या सायकलीचा एकेक बोल्ट आवळला होता. आजोबांच्या सायकलच्या दुकानात बत्तीस वर्षं शेवटचा पीळ माझा होता ना! इतकं नीट केलेलं त्या मेल्याने बिघडवलं.

कामात हात सांभाळ. माया आटू देऊ नकोस, पत्र टाक.

तुझी आजी

---

मंगळवार, ता. ११

ती. आजीस,

सा. न. वि. वि. पत्र बसून वाचलं. आता तू बस.

दादाच्या ओठाचं वाचून रडू आलं आणि वेल्डरच्या हाताचं वाचून त्याहून जास्त. पंपाचं वाचून काय आलं ते लिहीत नाही, तू आजी आहेस.

एक काम कर. तो मोडलेला तुकडा घे आणि उजेडात धर. करवतीने कापलं असेल तर कड गुळगुळीत दिसेल. आपोआप मोडलं असेल तर केरसुणीसारखे काळे तंतू सुटलेले दिसतील. आणि बोल्ट जिथे हँडलला पकडतात, तिथेच मोडलंय का ते पाहा. तिथे गोल दाबल्याची खूण आहे का?

रागावू नकोस, पण दादाचं हँडल कार्बनच्या धाग्यांचं, आणि मी काम करते त्या सायकलच्या दुकानात तसल्या हँडलला कोणी हाताच्या अंदाजाने हात लावला तर मालक हाकलून देतो. त्या बोल्टपाशी आकडा छापलेला असतो आणि तेवढ्या जोरावर टक् वाजणारा पाना वेगळा येतो. तुमच्या काळचं पोलाद जास्त आवळलं तर बोल्ट कुरकुरतो, नळी चेपते, वाकते, पण आधी सांगते. म्हणून मी स्वतः जुनीच चालवते, दुकानातले सगळे हसतात तरी. कार्बन आत चिरतं आणि गप्प राहतं. मग एक दिवस उतारावर सुटतं.

आजी, पान्याला ती जोर वाढवायची लोखंडी नळी लावून आवळलंस का? तू लावतेसच. खरं ते लिही. शुक्रवारच्या आत लिही.

माझ्यावरचा राग लवकर उतरव.

तुझीच ठिणगी

---

शनिवार, ता. १५

चि. ठिणगीस,

आजीचे आशीर्वाद, अजून घ्यावेसे वाटत असतील तर. वि. वि. शुक्रवारच्या आत लिहिणं झालं नाही, करण्यातच वेळ गेला.

नळी लावली होती. मनगट कुरकुरेपर्यंत पिळलं, आजोबांनी शिकवलं तसं. मनगट कुरकुरलं, हँडल नाही कुरकुरलं, म्हणून वर आणखी अर्धा फेरा दिला. तुकडा खिडकीशी धरला तर तू म्हणालीस तशीच केरसुणी, आणि बोल्टाच्या जागी गोल खूण, बांगडी रुतावी तशी.

गुरुवारी सकाळी दादाला सांगितलं. टाके घातलेल्या तोंडाने तो म्हणाला की गप्प बस, आता मागे फिरलो तर गावभर थुंकतील. मी म्हटलं मी बोलणार. तेव्हा तो अंगणात गेला. आजोबांची सायकल त्याच्या मित्रांनी उचलून आणली होती, पुरावा म्हणून. त्याने घण घेतला आणि तिच्यावर घालायला लागला. मी मध्ये गेले तर मला ढकललं. कोपर सोललं, मोठं काही नाही. अगं, पण काय आवाज! प्रत्येक घावाला ती अशी ठणाणायची की शेजारी भांडी टाकून बाहेर आले. चेपली, वाकली, पुढच्या चाकाचा चिमटा आडवा झाला, पण मोडली नाही. शेवटी दादाचेच टाके उसवले, हनुवटीवरून रक्त, आणि घण टाकून तो पायरीवर बसून हुंदके द्यायला लागला. तुझी आई त्याला घेऊन परत दवाखान्यात.

शुक्रवारी मी पिशवीत तुकडा, पाना आणि ती नळी घेऊन कारखान्यात गेले. साहेब म्हणाले आजीबाई, बाहेर बसा. मी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांच्याच टेबलाला पाना लावून दाखवलं कसं आवळलं ते. टेबलाच्या पायाचा बोल्ट तुटला, बरंच झालं, पटलं त्यांना. वेल्डरला परत घेतल्याचा कागद तिथल्या तिथे निघाला. मग पोलिसात. तिथले जमादार वेल्डरचा हात ठेचल्याबद्दल दादाचं नाव लिहून थांबले. मी म्हटलं नडगीवरचा फटका माझा, तोही लिहा. ते हसले. मी हलले नाही. एका अंगठ्यावर भागेल म्हणाले, तर मी पेन मागून सही केली, जोडाक्षरासकट. आरोपी क्रमांक दोन, तुझी आजी! शाळेत सुद्धा कधी एवढा वरचा नंबर आला नव्हता.

इतक्या खुशीत होते की तशीच वेल्डरच्या घरी गेले. कागद मीच घेऊन जाते म्हटलं होतं. त्याच्या आईने दार उघडलं, बाजूला झाली, पाणीही विचारलं. तो खाटेवर होता, हात कोपरापर्यंत बांधलेला, पाय उशीवर. मी सगळं सांगितलं, घडाघडा, पाना पण दाखवला, टेबलाचीसुद्धा गंमत सांगितली. कागद डाव्या हाताने घेतला, पूर्ण वाचला, नीट घडी घातली.

मग म्हणाला की तुम्ही खरं बोललात, आजी, त्यामुळे माझ्यावरचा आळ गेला. डॉक्टर सांगतात की दोन बोटं आता मिटणार नाहीत. कामावर घेतलंय, पण वेल्डिंगचा टॉर्च कोणत्या हाताने धरू ते तुम्ही सांगा.

तो ओरडला नाही गं. खरंच विचारत होता. माझं तोंड कधी बंद होत नाही हे तुला माहीत आहे. मी तिथे दिवे लागेपर्यंत बसले, पाना या हातातून त्या हातात घेत.

तुला काही सुचलं तर कळव. आणि जमलं तर, एवढं सगळं वाचूनही, थोडी माया शिल्लक ठेव.

आजी