मडीचं पाणी

१९ एप्रिल, उदगीर
कालचा ट्रे गेला कामातून. रेझिनचा दुसरा थर पहिल्याला धरलाच नाही, नखाने ओढला तर सालीसारखा निघाला. पहिल्यावर तुपकट साय आली होती. मी दीडशहाणी, न धुताच सँडपेपर फिरवला, ती आणखी आत मुरली. थिनरनेही जात नाही, तिला साधं पाणीच लागतं. टँकरचा पत्ता नाही. बोअरचं खारं, वाळलं की पांढरे डाग.
शेजारच्या काकू : "उदगीर जिल्हा होणार म्हनून राह्यले. होऊ दे की. आधी टँकर तर येऊ दे!"

२१ एप्रिल
लातूरच्या शोभाताईंचं काम. पहिला थर ओतला. उद्या त्यावर त्यांच्या मिस्टरांचं घड्याळ. गेले ते मागच्या वर्षी. "काटे स्वच्छ दिसले पाहिजेत," म्हणाल्या. बिघडलं तर घड्याळ आतच अडकणार. परत काय देऊ त्यांना?

२२ एप्रिल
केलं. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. देवघरातल्या घागरीतून लोटाभर घेतलं. ते मडीचं, म्हणजे सोवळ्यातलं, त्यांच्या लिंगपूजेचं, आंघोळ करून ओलेत्यानेच शिवायचं. आणि मी पारोशी. म्हणजे लोटाच नाही, सगळी घागर बाटली.
थर धुतला, घासला, पुसला. घड्याळ ठेवून वर ओतलं.
सांगावं तर पूजा होणार नाही, आणि पूजा नाही तर त्यांच्या पोटात घास नाही. वर साखरेच्या गोळ्या चालू. न सांगावं तर...
नाही सांगितलं.

२३ एप्रिल
साचा सोडवला. आरपार! दोन थरांमधली रेघसुद्धा कुठे नाही. ह्यांनी शाबासकी दिली. मला मेलीला आनंदच होईना. सा.बाई दार ओढून पूजेला बसल्या. भाकरीही आतच मागवली. ताट रिकामं आलं तेव्हा जिवात जीव आला. वाईटही वाटलं. बाटलेल्या पाण्याची पूजा, माझ्यामुळे.

२४ एप्रिल
सा.बाईंना भोवळ आली. "उन्हानं गं. काय न्हाई." पुन्हा ताट आत मागवलं.

२५ एप्रिल
टँकर आला. सा.बाईंनी ओलेत्यानेच घागर उचलली आणि जुनं पाणी तुळशीला ओतलं. मी बघतच राहिले. माझ्या लोट्यानंतर होतं तेवढंच होतं, थेंबही कमी झालेला नव्हता. ताटं मात्र रिकामी येत होती. देवघराच्या मागच्या खिडकीशी काकूंची गाय उभी असायची, ते आज माझ्या लक्षात आलं.
घागर घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या कामाला पानी लागत असंल तर आधी सांगत जा. मीच काढून देत जाईन."
रडू आलं. "आत्या, तुम्ही जेवत होता ना?"
"नळी धर आधी. पानी सांडून राह्यलंय."