उमुओझाचा पूल कधी सोडला

१९ सप्टेंबर १९६८
फौजेतल्या आमच्या डिव्हिजनचा इतिहास अखेर माझ्या हाती! विद्यापीठातले शहाणे 'सुमारे', 'बहुधा' लिहीत बसले होते. मी सहावी शिकलेला. बाकी सगळं स्वतः वाचून. रेल्वेत बावीस वर्षं तारा घेतल्या — माझ्या वहीत 'सुमारे' नाही. कर्नलसाहेब म्हणाले, "तारमास्तर, तुम्ही लिहाल तेच आपला नवा देश, बियाफ्रा, वाचेल." सुरुवात उमुओझाच्या पुलापासून. तो शत्रूच्या हाती का गेला, याचा जाब वरून साहेबांना विचारलाय.

२० सप्टेंबर
पूल सोडायचा हुकूम साहेबांनी सोळाला सकाळी दिला. पुलावरच्या कंपनीचा कॅप्टन ओबिडिके म्हणतो, हुकूम आल्यावरच निघालो. साहेब म्हणतात, त्याआधीच पळाला. कंपनीचे कागद जळालेत. आधी पळाला ठरलं तर त्याला गोळी.

२१ सप्टेंबर
नऊ मैल चालत उमुओझाला. पुलाजवळ कसावाचे कंद विकणारी म्हातारी उगोडिया भेटली. आधी मलाच झाडलं — "शिपाई गेले तेव्हा कुठे होतास रे? आता आलास वही घेऊन!" कोणत्या दिवशी गेले, आई? "बाजाराच्या दिवशी. टोपली टाकून पळाले मी."
उमुओझाचा बाजार न्क्वोचा, हे कुणीही सांगेल. चार दिवसांचा आमचा आठवडा — एके, ओरी, आफो, न्क्वो — मी झोपेतही मोजतो. न्क्वो चौदाला होता. दोनदा मोजलं. चौदाच!

२२ सप्टेंबर
पान साहेबांना दिलं. मग कोठडीत जाऊन कॅप्टनला तोंडावर सांगितलं — पाठीमागे लिहिणारा मी नव्हे. तो कोला फोडत होता — आमच्यात पाहुण्याला मानाने देतात ते कडू बी. अर्धा माझ्यापुढे धरला. "चौदाला गेलो म्हणता? मग पंधराला माझी अकरा माणसं पुलावर मेली, ती काय मासे धरायला गेली होती, तारमास्तर?"
कोला घेतला नाही. आरोपीचा कसा घेणार? त्याचा हात मात्र बराच वेळ तसाच होता.

२४ सप्टेंबर
निकाल लागला. परवा सकाळी सहाला गोळी. पुरावा म्हणून माझंच पान वाचलं — एकही खाडाखोड नाही!

२५ सप्टेंबर
उगोडिया आमच्या भटारखान्यात कसावा घेऊन आली. आचारी भाव पाडायला लागला तर म्हणाली, "उद्या... नाही, ओरीला बाजारात ये, स्वस्त देते."
मी म्हटलं, न्क्वोला ना?
"खुळा की काय! जुलैत न्क्वोच्या भर बाजारावर विमानं आली. एकोणीस मढी उचलली आम्ही. तेव्हापासून बाजार ओरीला, झाडीत. विमानवाल्यांना आमचा न्क्वो पाठ झालाय!"
ओरी — म्हणजे सोळा. हुकूम निघाला तोच दिवस!
मी विचारलंच नव्हतं. गाव विचारलं, दिवस विचारला. बाजार हलला का, हे नाही! तिचा अंगठा घेऊन नवा कागद केला. साहेब आघाडीवर. उद्या पहाटे साडेपाचला परततील. तोवर फाटकातून हलायचं नाही.

२६ सप्टेंबर
साहेब जीपमधून उतरले तसा कागद पुढे केला. घडीही उलगडली नाही. "बाजार ओरीला भरतो, ठाऊक आहे. माझं आजोळ आहे ते." कागद खिशात घातला. "सहाला मैदानावर या, तारमास्तर. इतिहासात वेळ नोंदवावी लागेल."
गेलो.