टोरांटो ते विटा

आबा, टोरांटोपासून मुंबई साडेबारा हजार किलोमीटर भरते. मोबाईलला विचारलं की तो लगेच सांगतो. थेट विमान मिळत नाही, मध्ये कुठंतरी बदलावं लागतं, म्हणजे बावीस-तेवीस तास धरायचे. पुढं मुंबईहून विट्याला गाडीनं सात तास, आणि खंबाटकी घाटात अडकली तर देव जाणे. माझी एकुलती एक लेक तिकडं असते. परवा सांगलीत माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून हा हिशोब. तिला रजा मिळेना, तेव्हा मीच म्हटलं, येऊ नकोस, किरकोळ आहे. छाती उघडणार आहेत आणि मी त्याला किरकोळ म्हणते. तुमचीच मुलगी.

गुवाहाटीला तुमचं गलाईचं दुकान होतं, लोकांचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. तुमची आई गेली तेव्हा इकडून तार केली, पण तुम्ही उगवलात ते पाचव्या दिवशी. मला अजून दिसतं, लहान मी चुलीपाशी बसलेय. तुम्ही दारात उभे, हातात पत्र्याची ट्रंक, आणि काका मान खाली घालून म्हणतात, "दादा, थांबलो न्हाई आमी, माती उरकली. ऊन लय हुतं."

"बरं केलंसा. थांबून तरी काय करणार हुता?" तुम्ही म्हणालात. मग पाय धुतलेत, भाकरी खाल्लीत, सगळ्यांची विचारपूस केलीत. मला तुमचा राग आला होता. स्वतःची आई गेली आणि हा माणूस रडत कसा नाही? आमची आई ताट उचलायला आली तेव्हा तिला हळूच म्हणालात, "गाडीत रोज माती केली गं तिची. रोज." आणि तसेच उष्ट्या हातानं बसून राहिलात.

आता बर्फाची पेटी मिळते. मागच्या महिन्यात भावकीतला एक जण गेला, त्याला तीत दोन दिवस ठेवलं, मुलगा परदेशातून यायचा होता म्हणून. दुसऱ्या दिवशी बाहेर बसलेली माणसं कंटाळली, ऊसतोडीच्या गप्पा सुरू झाल्या. एक म्हातारा म्हणाला, "आवं, मेलेल्यानं तरी किती वाट बघायची?" ते मला फार लागलं. घरी आल्यावर भाच्याला बजावलं, माझं काही बरंवाईट झालं तर कुणासाठी थांबायचं नाही. तो चिडलाच. "आत्ती, कायबी बोलू नका. गप औषध घ्या." उद्या तोच मला सांगलीला नेणार आहे. त्याच्याशिवाय जवळ कुणी नाही. संध्याकाळी घरात बोलायला टीव्हीच असतो, तोही ऐकून घेत नाही.

तुम्हाला जाऊनही किती वर्षं झाली, हे पत्र धाडू कुठं? तुमच्या दुकानात आता दुसराच कुणी बसत असेल. राहू दे घरातच. पिशवी भरायची आहे अजून. पण भाच्याला सांगितलं ते खरं नव्हतं, हे तुम्हाला तरी सांगते. तिनं यावं आणि एकदा माझ्या तोंडाकडं बघावं, असं मला फार वाटतं, आबा. तीस तास लागोत नाहीतर दोन दिवस. मला तेव्हा कुठं घाई असणार आहे?