आईची नवी वेल

प्रिय सोमनाथ,

लग्न मोडलंस तेव्हा अंगठी आठवणीनं मागून नेलीस, आणि तो काळा डबा मात्र ठेवून गेलास. तो फाईल सर्व्हर तूच आमच्या चिकलठाण्याच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात बसवला होतास. आईच्या पैठणीच्या नक्ष्या स्कॅन करून मी त्यात ठेवायच्या, म्हणजे घरातलं घरात राहील, असं तुझं म्हणणं. माणूस गेला, पण निदान कामाची वस्तू ठेवून गेला, असं मी मैत्रिणींना सांगत फिरले. किती बावळट होते मी!

तू गेलास आणि डबा मंदावला. जुनी नक्षी उघडायला क्षण लागायचा नाही, पण नवी ठेवायला गेलं की स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची. मी वायर बदलली, स्विच बदलला, वायफाय सोडून थेट तारेनं जोडून पाहिलं. डिस्क खराब असेल म्हणून नवी आणून टाकली. तरी वाचणं झपाझप आणि लिहिणं रडतखडत. आई म्हणायची, "त्याला बी तुझ्यावानीच सोमनाथची सय येती काय गं?" आणि मी हसायचे. आता आठवलं की अंगाची आग होते.

त्यातच खुलताबादच्या एका लग्नाला गेलो. वरमाईच्या पदरावर आईची वेल होती. तीच वाकडी देठं, जोडीनं फुटलेली तीच पानं. आई पंगतीत घास हातात धरून बघत राहिली. वरमाईला विचारायचं धाडस तिला झालं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "दिपे, ती वेल माझीच हाय. म्या कुणाला दिली अन् इसरले गं?" त्या दिवसापासून तिचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडाला. गॅस बंद केला का हे ती पुन्हा पुन्हा जाऊन बघते. काही लक्षात ठेवायचं असलं की लुगड्याच्या पदराला गाठ मारते. पेन्सिल तर तिनं हातात धरलीच नाही. पैठणला अर्धा जन्म मागावर काढलेली माझी आई, आपण म्हातारपणानं भ्रमिष्ट होतोय असं समजून बसली. हे तू केलंस.

मला कळलं ते रस्त्याच्या खोदकामानं. गल्लीत खोदताना नेटची लाईन तुटली आणि नेमकी त्याच दुपारी आईची एक जुनी नक्षी स्कॅन करून ठेवली, तर ती डोळ्याची पापणी लवायच्या आत सेव्ह झाली. लाईन जोडली, पुन्हा रडगाणं. मग मीच डब्याची नेटची तार काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली, दर वेळी तेच. घरातल्या घरात लिहायला डब्याला बाहेरचं नेट कशाला लागतं? मग एक एक सेटिंग उघडत गेले. मी इथं काही ठेवलं की त्याची एक प्रत तुझ्याकडे जात होती, आणि तिकडून मिळाल्याचं उत्तर आल्याशिवाय इथलं काम पुरं होत नव्हतं. नेटच नसलं की मात्र डबा वाट बघायचं सोडून द्यायचा. निमूटपणे मागाहून नक्कल नेली असतीस तर मला जन्मात कळलं नसतं. पण तुझा स्वभाव! लग्न ठरलं होतं तेव्हा साधा मोगरा पाठवलास तरी तीनदा विचारायचास, "मिळालं ना?" चोरीतसुद्धा तुला तेच विचारायचं होतं.

आईला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तुला माफ करून टाकलं असतं, आणि मला ते नको होतं. मी डब्याच्या सेटिंगला हातही लावला नाही. आईच्या वेलीवरून एक नवा पदर काढला आणि नेहमीसारखा पट्ट्या पट्ट्या करून त्यातच ठेवला. नक्षीचा कागद मागाच्या ताण्याखाली, म्हणजे उभ्या धाग्यांखाली, ठेवून विणतात आणि तिथं एका वेळी तेवढीच पट्टी बसते, म्हणून आमच्याकडे नक्षी अखंड कधी ठेवतच नाहीत. त्या जोडून पाहायच्या असतात, हे तुला कुठून ठाऊक असणार? तू आल्या तशा पट्ट्या मागावर पाठवल्यास. विणलेलं गुंडाळलं जातं, पुढचं तेवढं दिसतं. जवळून पाहिलं तर काही पानं पोपटी, काही गडद हिरवी. लांबून अख्खा पदर पाहिला तर गडद पानांची अक्षरं होतात. परवा तुझ्या पैठणीच्या नव्या दुकानाच्या जाहिरातीत घडी घातलेली साडी पाहिली आणि गडद पानं लगेच ओळखली. उद्घाटनाला तोच पदर दारावर उलगडून लावणार असल्याचंही तूच छापलंस. जीव निवाला माझा.

आज सकाळी हे लिहितेय. तू फेटा बांधून जालना रोडवरच्या नव्या दुकानाच्या दारात उभा असशील. पदर चढला असेल, आणि रस्त्यापलीकडून त्यावर "दगडाबाई" असं वाचता येत असेल. उतरवलास तर पाहुणे विचारतील, ठेवलास तर सगळे वाचतील. आई फारशी शिकलेली नाही, पण स्वतःचं नाव तिला वाचता येतं. ती नवं लुगडं नेसून रिक्षात बसलीय, कुठं जायचंय ते अजून तिला सांगितलेलं नाही. हे पत्र मी त्याच डब्यात ठेवतेय. फाईलला नाव दिलंय "आईची नवी वेल", म्हणजे सगळ्यात आधी तू हेच उघडशील. पट्टी सरकतेय, नेहमीसारखी हळू. आज पहिल्यांदाच मला त्याचा राग येत नाही. ती पुरी झाली की समजेन, तुला मिळालं. मग तार उपटते आणि आईला घेऊन निघते.

तुझीच, पट्टी पुरी होईपर्यंत,
दिपाली