कडी लागणारी पाच दारं

प्रिय चिमे,

सोमवारपासून माझी मोटारसायकल, माझी बर्फाची पेटी आणि माझा रस्ता तुझा. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने उचलायचे आणि दुपारी दोनच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे, एवढंच काम. पण यंदा ऊन नुसतं भाजून काढतंय, तेव्हा मावशीच्या चार गोष्टी ऐक. तोंड वाकडं करू नकोस, मला इथून दिसतं.

जॅकेट काढायचं नाही. जीव कितीही उकडला तरी नाही. गरम वारा अंगाला बरा वाटतो, पण तोच आतलं पाणी पळवतो. शिवाय पडलीस तर सालटं निघतील ती वेगळीच. आतला सदरा भिजवून घाल, गळ्याला ओला रुमाल बांध. हातमोजे पातळ चालतील, पण हवेतच. गाडी उन्हात लावावी लागली तर सीटवर पांढरं फडकं टाक, नाहीतर बसताक्षणी उडी मारशील. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघ. तुझी आई म्हणेल, ही कधीपासून एवढी शहाणी झाली! तिला सांग, पडल्यापासून.

आता त्या पडण्याचंच सांगते. वळणावर वाळू होती, गाडी घसरली, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुझ्या आईने तर वाळू टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मी आपली मान डोलावत बसले. चिमे, वाळूबिळू काही नव्हती. रस्ता लख्ख होता. सकाळपासून मी पाण्याचा घोट घेतला नव्हता. त्या दिवशीच असं नाही, बारा वर्षं तसंच केलं. बाप्ये कुठेही आडोसा बघतात, आपण कुठे जायचं? मागच्या पेटीत रक्ताला बर्फ, आणि पुढे मी कोरडी ठणठणीत. घाम यायचा थांबला तेव्हा उलट बरंच वाटलं, म्हटलं चला, झाली सवय. मग डोळ्यांपुढे अंधारीच आली. डाव्या हाताची बोटं आता क्लच दाबत नाहीत, ती कायमचीच. खरं सांगायची लाज वाटली गं.

परवा तू गाडी न्यायला आलीस. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर म्हणालीस, नको मावशी, वाटेत पंचाईत होते. माझंच वाक्य, तुझ्या तोंडून. म्हणून काल बसने सगळा रस्ता फिरले आणि वाटेतल्या एकेका संडासाच्या दाराची कडी स्वतः लावून बघितली. पाच जागा कागदाच्या मागे लिहिल्यात. पेट्रोल पंपावरची कडी तुटली होती, ती भांडून बसवून घेतली. दुसऱ्या दवाखान्यातली नर्स किल्ली देईल, मावशीने पाठवलंय म्हण. प्रत्येक ठिकाणी थांब आणि पोटभर पाणी पी. चक्कर आली, घाम थांबला, की गाडी सावलीत घे आणि कुणाला तरी हाक मार. बर्फ वितळेना का. रक्त पुन्हा काढून घेता येतं, भाची मी पुन्हा कुठून आणू?

तुझीच,
वाळूवर खापर फोडणारी मावशी