निळ्या कोंबड्याचा वाडगा

दम्माम, ८ जानेवारी १९९१

ती. सौ. अक्का यांना,

अनुराधाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सवयीने लिहून गेले खरी, पण आमच्या घरात सध्या आडवं पडायला जागा नाही. झोपायच्या खोलीत पाण्याचे खोके, खिडक्यांच्या फटींना लावायच्या चिकटपट्टीची रिळं आणि गॅसचे मास्क मांडून ठेवले आहेत. तेव्हा उभ्याने केलेला नमस्कारच गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? रत्नाकरभावोजींचा खोकला थंडीत उसळला नाही ना? आमच्या तब्येती उत्तम. मास्क घातला की अवनी हत्ती होते आणि सोंडेतून माझ्याशी इंग्रजी बोलते. तुमचे बंधुराज मात्र मास्कवर रुसून आहेत, कारण त्याच्या आत चष्मा बसत नाही आणि चष्म्याशिवाय त्यांना पट्टे दिसत नाहीत. परवा त्यांनी तो उलटा घातला आणि "आत गुदमरायला होतंय, माल खराब आहे" म्हणून वर मलाच ऐकवलं.

हे पत्र हफीजाभाभींच्या हाती देते आहे. त्यांचं माहेर संगमेश्वरचं, म्हणजे तुमच्या देवरुखच्या शेजारचंच. त्यांचे यजमान कादिरभाई यांचं कुवेतच्या सीमेजवळ, अल खफजीला दुकान होतं. कुवेतमध्ये इराकचे रणगाडे घुसले तेव्हा दुकानाला कुलूप घालून ते इकडे दम्मामला आले, आणि तेव्हापासून आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आता भाभी शुक्रवारच्या विमानाने मुंबईला निघाल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर आम्ही दोघी, मी आणि अवनी. हे तुमच्या बंधूंनी ठरवलं आहे. ते स्वतः येणार नाहीत. समुद्राचं पाणी गोड करणारा त्यांचा प्लांट चालू राहिलाच पाहिजे, कारण इथे सैन्यापासून आमच्या जिन्यातल्या मांजरापर्यंत सगळे तेच पाणी पितात. इराकला कुवेत सोडायला दिलेली पंधरा तारखेची मुदत संपली की लढाई होणार, असं इथे सगळे धरून चालले आहेत. ऑगस्टपासून मी एकच वाक्य म्हणत आले, "गेलो तर तिघं जाऊ", आणि त्यांचंही एकच वाक्य, "मग पाणी कोण सोडणार?" मागच्या आठवड्यात मी एकदम "बरं" म्हटलं. त्यांना इतकं नवल वाटलं की ताप आहे का म्हणून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सामान बांधताना माझ्या हाती तो वाडगा लागला आणि बांधाबांध तिथेच राहिली. वाडग्याची हकीकत तुम्हाला कळवलेलीच नाही. कळवणार कशी? "गणपतीला यायला रजा नसते, इटलीला जायला असते," हा तुमचा पत्रातला टोमणा अजून माझ्या उशाशी आहे. (टोमणा रास्त आहे. पण अक्षर किती सुंदर हो तुमचं!) तर आता सगळं सांगते.

गेल्या जुलैत ह्यांना पंपांच्या कारखान्यात प्रशिक्षणाला इटलीत धाडलं. मी आणि अवनी शेपटासारख्या मागे. प्रशिक्षण संपल्यावर उरलेल्या रजेत उंब्रिया नावाच्या भागातली, टेकड्यांवरची जुनी गावं पाहायची असा बेत होता. बेत म्हणजे काय, तुम्ही तुमच्या भावाला ओळखताच. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं, मध्ये जमल्यास जेवण. पहिल्या गावाचं नाव कास्तेलवेरा. आपल्या कोकणात गाव डोंगराच्या पायथ्याशी झाडांत लपून बसतं. तिकडे ते उठून थेट टेकडीच्या डोक्यावर जाऊन बसलं आहे. भोवती तट, आत शिरायला एकच वेस. सातआठशे वर्षांपूर्वी शत्रू लांबून दिसावा म्हणून असं बांधलं, असं पुस्तकात होतं. मी धापा टाकत वेशीतून आत गेले, दगडी पायऱ्यांची चढण सुरू झाली आणि मी थबकलेच. ही तर आपली देवरुखची पाखाडी! चिऱ्याच्या जागी करडा दगड, एवढाच काय तो फरक. कडेला तसंच वाळकं शेवाळ, आणि तशाच म्हाताऱ्या दारात बसून शेंगा सोलत येणाऱ्याजाणाऱ्याला नखशिखांत न्याहाळताहेत. मला उगाचच पदर सारखा करावासा वाटला. (मी सलवार-कमीजमध्ये होते.)

ह्यांचा मात्र एकच प्रश्न : इतक्या वर पाणी कसं चढवत असतील? देवळातली भिंतीवरची चित्रं पाहायला कुठून कुठून माणसं येतात. तुमचे बंधू चौकाच्या पोटातल्या पावसाच्या पाण्याच्या जुन्या टाक्यात डोकं घालून "अनू, हे बघ! अनू, इकडे ये!" असे ओरडत होते आणि ते "अनू, अनू" खाली घुमत होतं. मीही वाकले. तळाशी काळंभोर पाणी आणि त्यात आमची दोन डोकी, एकमेकांना लागून. दम्मामला आम्ही घरातून गाडीत आणि गाडीतून दुकानात. शेजारी शेजारी चालणं असं काही उरलेलंच नाही. तिथे हे माझ्याबरोबर पायऱ्या चढत होते, मध्येच थांबून माझ्यासाठी थांबलेत असं दाखवत होते (दम त्यांनाच लागला होता), आणि कधी नव्हे ते काहीतरी गुणगुणत होते. कुठलं गाणं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबले असते.

आम्ही उतरलो होतो आसुंताबाईंच्या माडीवर. बाई सत्तरीच्या पुढच्या, अंगावर काळे कपडे, आवाज तुमच्यासारखा. (म्हणजे भारदस्त.) पहिल्या संध्याकाळी त्यांनी वाडगाभर मसुरीचं कालवण आणून दिलं. फोडणी नव्हती, पण चव होती. अवनीने चाटूनपुसून संपवलं तेव्हा तळाशी एक निळा कोंबडा निघाला. वाडगा धुऊन मी परत द्यायला निघाले आणि जिन्यातच तुमचा आवाज ऐकू आला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी शेजारच्या आबिदाचाचींचं पातेलं घासून लखलखीत करून परत न्यायला निघाले होते, तेव्हा तुम्ही मला पाखाडीवरून हाक मारून मागे बोलावलंत. "रिकामं भांडं घेऊन निघालीस? निदान चिमूटभर साखर तरी घाल त्यात." तेव्हापासून माझ्या हातून कुणाचं भांडं रिकामं गेलेलं नाही. माडीवर साखर कुठली? पर्समध्ये विमानातल्या साखरेच्या दोन पुड्या होत्या, त्या वाडग्यात ठेवून दिल्या.

आसुंताबाईंनी पुड्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि पाहुण्यांना गोड खायची इच्छा आहे असं समजून सकाळी वाडग्यातून केक पाठवला. केकची परतफेड दोन पुड्यांनी कशी होणार? मी दम्मामहून नेलेले शेंगदाण्याचे लाडू घातले. लाडू त्यांनी गल्लीभर वाटले आणि वाडग्यातून चीज आलं. मी चिवडा दिला. जर्दाळू आले. खाली उतरणारी बस दिवसातून एकदाच, सकाळी. आणि आम्ही बॅगा उचलायला आणि जिन्यात त्यांची पावलं वाजायला नेहमी एकच गाठ. अवनी खिडकीतून ओरडायची, "मम्मी, वाडगा इज कमिंग!"

"यल्ला, यल्ला! आज तरी तो रिकामा दे आणि चल!" हे जिन्यातून.

"अहो, रिकामा कसा देऊ?"

"मग फोडून टाक!"

"अक्कांना कळवू का तसं?"

त्यावर बॅगा परत वर येण्याचा आवाज.

अशा रीतीने आम्ही बाकीची सगळी गावं कास्तेलवेराच्या तटावरून पाहिली. समोरच्या टेकडीवर एक, तिच्यामागे एक, आणि अगदी शेवटचं तर ढग की गाव तेच कळत नव्हतं. रोज संध्याकाळी आम्ही तिघं त्या तटावर बसायचो आणि हे हातातल्या नकाशावर बोट ठेवून न पाहिलेल्या गावांची माहिती आम्हाला द्यायचे. अक्का, त्या संध्याकाळी मला इतक्या वेळा आठवतात की मला वाटतं, त्या बसेस चुकल्या हेच आमचं प्रवासवर्णन.

एक दिवस कडक ऊन होतं म्हणून आसुंताबाईंनी आम्हाला तळघरात बसायला नेलं. छताला कांद्याच्या माळा, कोपऱ्यात वाइनची पिंपं. त्यांनी हाताचं विमान करून डोक्यावरून फिरवलं, तोंडाने बॉम्बचा आवाज काढला. त्यांच्या तरुणपणातलं युद्ध. अवनीने डोळे विस्फारून "भीती वाटली?" असं खुणेनेच विचारलं. बाईंनी मान हलवली. ती हो की नाही, कळलं नाही. मग भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो दाखवला, एका बाकावर हात थोपटला, की हा इथे; आणि त्याच्या लगतच स्वतः बसून दाखवलं, की मी इथे. नंतर उठून कांदे निवडायला लागल्या. ह्यांनी भिंतीची जाडी वितीने मोजून पाहिली.

शेवटच्या सकाळी मी वाडगा गुपचूप त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून (आत उरलासुरला लाडवांचा चुरा) पळ काढला. बसमध्ये बसलो, हुश्श केलं, आणि बाई पायऱ्या उतरत येताना दिसल्या. खिडकीतून वाडगा थेट माझ्या मांडीवर. काठोकाठ अंजिरं. बस सुटली तरी त्या हात हलवत काहीतरी ओरडत होत्या. ड्रायव्हरने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ती म्हणते, आता तुमची पाळी.

घरी परतलो, बॅगा माळ्यावर चढवल्या आणि थोड्याच दिवसांत कुवेतची बातमी आली. आता आमचं न्हाणीघर हेच तळघर. त्याची भिंतही ह्यांनी वितीने मोजली आहे.

तर आम्ही दोघी येतो. अवनीला भात मऊ लागतो आणि "आत्या, हे काय आहे?" हा प्रश्न ती दिवसभर विचारेल, हिंदीत. माझी काळजी करू नका.

तुमची
अनुराधा

(खाली चार बोटं जागा तुमच्या बंधूंसाठी.)

अक्का, नमस्कार. अनूने इटलीचं वाजवीपेक्षा जास्त लिहिलंय. मास्क मी उलटा घातला नव्हता, पट्ट्यांची रचनाच चुकीची आहे. दोघींना तुझ्याजवळ ठेव. हिला फार बातम्या ऐकू देऊ नकोस. इथलं सगळं ठीक. — सदा

ता. क. : हे आत्ता ड्यूटीवर गेले, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी लिहिते. वर जिथे जिथे "आम्ही दोघी" असं आहे, तिथे कृपया "अवनी" असं वाचावं. माझी पत्रं हे तपासल्याशिवाय जाऊ देत नाहीत, म्हणून तसं लिहावं लागलं. शुक्रवारी ह्यांची ड्यूटी आहे. कादिरभाईंच्या गाडीने मी विमानतळापर्यंत जाईन आणि त्याच गाडीने परत येईन. हफीजाभाभी आधी म्हणाल्या, "या अल्ला, सदानंदभाई मला माफ करतील का गो?" मग त्यांनी अवनीचा पासपोर्ट मुकाट्याने आपल्या पर्समध्ये ठेवला. अवनीला सांगितलं आहे. ती खूप रडली, मीही. ही कसली आई, असं तुम्ही म्हणाल. मीही रोज म्हणते. पण अवनीला तुम्ही आहात. ह्यांचा मास्क कोण बांधणार, अक्का? त्यांना पट्टे दिसत नाहीत.

खरं काम हे, की पत्र मिळाल्यावर लगेच इथे फोन लावा. तोवर हे घरी येऊन मला पाहून बसलेले असतील आणि दुसऱ्या तिकिटाच्या मागे लागलेले असतील. माझ्याशी वाद घालतात. तुमच्यापुढे आजवर त्यांचं काही चाललेलं नाही. एवढंच म्हणा, "सदा, राहू दे तिला."

आणखी एक ता. क. : वाडगा अवनीच्या स्वेटरमध्ये गुंडाळला आहे, आत खजूर आहेत. तुमच्या घरी रिकामा कसा पाठवू? तो परत पाठवायची घाई करू नका. आम्ही दोघं येऊन नेऊ. तेव्हा त्यात काय घालायचं ते तुम्हीच ठरवा, म्हणजे तिथून तो चौघांनी— नाही, भावोजींना धरून पाच जणांनी— त्या पायऱ्या चढून आसुंताबाईंना नेऊन देता येईल. पाळी आपली आहे.

तोवर त्यात दही मात्र विरजू नका. कोंबड्याचा रंग जाईल.