दोन डाव्या बाजू

६ फेब्रुवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. विशेष आहे म्हणूनच कागद काढलाय. हे फोनवर सांगायला गेले की मला रडू येतं आणि तू शिट्टी वाजवल्यासारखी ओरडतेस. शाळा सुटली तरी खेळाच्या बाईंचा आवाज काही सुटला नाही.

झालं असं. गेल्या महिन्यात मी एका गृहस्थांच्या कोटाचं कापड कापलं. कापड जेमतेम होतं, म्हणून दुहेरी न घालता उघडून टेबलावर पसरलं. अशा वेळी कागदी पॅटर्न एकदा सुलटा ठेवायचा आणि एकदा उलटा, म्हणजे डावी-उजवी जोडी निघते. मी दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. कोटाच्या पुढच्या दोन्ही बाजू डाव्या! कापडाला एकाच अंगाने लव, त्यामुळे उलटून लावायचीही सोय नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गृहस्थ म्हणाले की होतं असं कधीकधी, आणि निघून गेले. आमच्या शिंपीदुकानाचे मास्तरही काही बोलले नाहीत. कोणी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. का, ते मात्र विचारू नकोस.

तेव्हापासून खडूने आखते, मापं तपासते, कात्री उचलते आणि हात आखडतो. मास्तरांनी मला काजं-बटणांवर बसवलंय. महिनाअखेरीस त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तोवर माझा हात चालला तर कापायचं टेबल माझ्याकडे, नाहीतर ते दुसरा कटर ठेवणार. सात वर्षं त्या टेबलावर डोळा ठेवून मी या दुकानात शिवत आले गं. मला काय झालंय तेच कळत नाही. लहानपणी मी अशी भित्री होते का?

काकांना नमस्कार. तुझं लक्ष असू दे.

तुझी,
खारूताई


११ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. तू लहानपणी मुळीच भित्री नव्हतीस. उलट घरातल्या सगळ्यांच्या जिवाला घोर होतीस.

कापड गेलं, कोणाचा जीव नाही गेला. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? शाळेत उडी मारायच्या लाकडी घोड्यापाशी मुली अडायच्या, तेव्हा मी मागून एक आवाज द्यायचे आणि त्या पलीकडे. तू स्वतःला तसाच आवाज दे. हात आखडला की त्याला दटाव. लाड करशील तर डोक्यावर बसेल.

इकडे सर्व क्षेम. मध्यंतरी जिन्यात जरा घसरले होते, गुडघा आता बरा आहे. मी हल्ली खाली जात नाही, काही अडतही नाही. भाजी तुझे काका आणतात, टोमॅटो हटकून पिचके. वाचनालयातलं पुस्तक तेच बदलतात आणि मी वाचलेलंच उचलून आणतात. संसार चालू आहे.

हात चालू लागला की कळव. नाही चालला तरी कळव.

तुझी,
मावशी


१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. तू सांगितलंस तसं स्वतःला दटावून पाहिलं. मूर्ख म्हणाले, नाटकी म्हणाले, सात वर्षं फुकट गेली म्हणाले. पूर्वी हात नुसता आखडायचा, आता थरथरतो. तुझा उपाय घोड्यांना लागू पडत असेल.

पण माझं राहू दे. तू पडलीस आणि हे मला टोमॅटोच्या ओघात सांगतेस? तू, जी मला दोन-दोन पायऱ्या गाळून उतरायला शिकवायचीस? मावशी, घाई करू नकोस. एकदा पडलीस म्हणजे तुला चालता येत नाही असं थोडंच आहे! पाय थरथरले तर थरथरू देत, त्यांना रागावू नकोस. त्यांना लागलंय, म्हणून ते घाबरलेत. कठडा धर. एकच पायरी उतर आणि वाटलं तर परत वर जा. कोणी हसणार नाही. हसलंच तर मला नाव कळव.

मला इथे काहीच सुचत नाहीये. तू मात्र सांभाळ.

तुझी,
खारूताई


२१ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. आज माझ्या पदरचं काही लिहीत नाही. तुझ्याच पत्रातलं थोडं उतरवून पाठवते, दोन-चार शब्द तेवढे बदललेत.

घाई करू नकोस. एकदा कापड वाया गेलं म्हणजे तुला कापता येत नाही असं थोडंच आहे! हात थरथरले तर थरथरू देत, त्यांना रागावू नकोस. त्यांना लागलंय, म्हणून ते घाबरलेत. टेबलाची कड धर. एकच रेघ काप आणि वाटलं तर कात्री ठेवून दे. कोणी हसणार नाही.

मला इतकं समजुतीनं सांगतेस आणि स्वतःला मूर्ख म्हणतेस, हा कुठला न्याय? जिन्याचं मी मुद्दामच लिहिलं होतं, तू काय म्हणतेस ते बघायला. माझी काळजी नको.

तुझी,
मावशी

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून हे लिहितो. मुद्दाम वगैरे काही नाही. ती खरोखर पडली आणि दोन महिने दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मी हात धरतो म्हटलं तर अंगावर येते. तुझं पत्र चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलंय, दिवसातून कितीदा काढते. मी सांगितलं हे बोलू नकोस. – काका


२७ फेब्रुवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. माझा पुरता गोंधळ उडालाय, तेव्हा पत्रही तसंच होणार.

काल मी कोट कापला. भीती गेली म्हणून नव्हे, ती तिथेच होती, अगदी कात्रीच्या टोकाशी. तुझी (की माझी?) वाक्यं पुटपुटत एक रेघ कापली, कात्री ठेवली, पाणी प्यायले, मग दुसरी. मास्तर तेवढ्यात चहाला गेले, मुद्दाम की काय कोण जाणे. खिशापाशी कात्री जराशी सरकली. शिलाईच्या मार्जिनमध्येच, पण माझी पाचावर धारण बसली. आता मी स्वतःला शिव्या देणार असं वाटलं. दिल्या नाहीत. राहू दे, असं स्वतःलाच म्हणाले, आणि पुढची रेघ धरली. हे शहाणपण की निगरगट्टपणा, मला अजून ठरवता येत नाही.

मास्तरांनी येऊन कापलेल्या बाजू उलटसुलट पाहिल्या. एक डावी, एक उजवी. माझ्या पुढ्यातला बटणांचा डबा उचलून शिलाईवाल्या बाईंकडे दिला. आणि आज त्यांनी पुढच्या आठवड्याची सगळी कापडं कापायच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवली, म्हणजे टेबल आता माझं.

मला कोणी काहीही सांगितलेलं नाही. तरी रविवारी मी येतेय. तुला खाली न्यायला नव्हे. दार उघडून आपण वरच्याच पायरीवर बसू, गप्पा मारू, आणि कंटाळा आला की आत येऊ.

येऊ ना?

तुझी,
खारूताई


२ मार्च

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. कोट कापलास, मी घरभर सांगत सुटले. घरात एकटे काकाच, ते तिसऱ्यांदा ऐकताहेत. त्यांनी चहाडी केली हेही कळलं. कोणी काही सांगितलेलं नाही असं कोणी आपणहून लिहितं का गं वेडाबाई?

मला भीती वाटते. हे वाक्य लिहिताना दोन कागद फाडले. एका कागदावर तर मी स्वतःला इतकं घालून पाडून लिहिलं होतं की शाळेतल्या कुठल्या मुलीला तसं बोलले असते तर तिचे आईवडील भांडायला आले असते.

रविवारी ये. पायरीवर बसू. पुढे काय ते मला माहीत नाही, उगाच कबूल करत नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं मी जन्मभर दुसऱ्यांना लिहीत आले. आज तोच लोभ स्वतःकडे मागून बघतेय. पेन अडखळतं, पण मागतेय.

तुझी,
मावशी